गुजराती-मराठी कागदपत्रांसाठी ऑब्सिडियन घेऊ की इलॅस्टिकसर्च लावू?

दांडियाबाजारकरीण:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी बडोद्यात भाषांतराची कामं घेते, गुजरातीतून मराठीत आणि उलट, त्यातली बरीचशी जमिनीची कागदपत्रं. इथे अशी पुष्कळ कुटुंबं आहेत की घर बडोद्यात आणि वडिलोपार्जित शेत खानदेशात नाहीतर कोकणात, त्यामुळे सातबारा, आठ-अ, हक्कपत्रक, वारसाई, बक्षीसपत्र हे माझं रोजचंच. आता जमलेला माल असा आहे: चारेक हजार वर्ड फायली, स्कॅन केलेल्या पीडीएफचा एक भलामोठा फोल्डर आणि माझी स्वतःची टिपणं, म्हणजे कुठल्या तालुक्याच्या कागदात काय लिहायची पद्धत आहे, 'बिनखेती'ला कुठे बिनशेती केलं, कुठे अकृषिक, कुठल्या वकिलांना काय चालतं, असलं सगळं. टिपणं वह्यांमध्ये होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी अकोट्यातल्या तळमजल्यावरच्या ऑफिसात शिरलं आणि निम्म्या वह्यांचा लगदा झाला, उरलेल्या मी टाईप करून घेतेय.

प्रश्न असा की हे सगळं ठेवायचं कशात. एक मैत्रीण म्हणते ऑब्सिडियन घे, टिपणं ठेवायचं ॲप आहे ते, ती त्यावर खूश आहे. भाचा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणतो मावशी नोट्सची ॲपं खेळणी आहेत, सरळ इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन लाव, एकदा लावलं की आयुष्यभराची चिंता मिटली. माझा लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबीचा. लोकांच्या इस्टेटीचे कागद आहेत त्यामुळे परक्याच्या सर्व्हरवर काही टाकायचं नाही, ते नक्की. आणि मला कोडिंग येत नाही. पण सगळ्यात मोठं दुखणं हे की मला पक्कं आठवतं, हे वाक्य मी आधी केलंय, आणि शोधलं की सापडत नाही. विंडोजचा सर्च तर कधी सापडतं म्हणतो, कधी नाही. काय करू?

मकरपुरा_जीआयडीसी:

ताई, भाच्याला प्रेमाने सांगा की तुझं ऑफिस वेगळं आणि मावशीचा लॅपटॉप वेगळा. इलॅस्टिकसर्च जावावर चालतं आणि तुम्ही काही सेटिंग केलं नाही तर चालू होतानाच मशीनची साधारण निम्मी रॅम स्वतःसाठी अडवतं, म्हणजे तुमच्या ८ मधले ४ जीबी गेले, वर वर्ड, क्रोम आणि व्हॉट्सॲप उघडलं की पंखा सुरू. शिवाय त्यात लिहायला जागाच नाहीये. ते काही ॲप नाही, मागे चालणारा सर्व्हर आहे, त्याला माल घालायचा तोही प्रोग्रामने आणि विचारायचं तेही प्रोग्रामने, शोधायची खिडकीसुद्धा कोणीतरी बनवून द्यायला लागते. नेटवरचे जुने धडे वाचून लावलं तर तेही जपून. २०२२ ला ८ नंबरचं व्हर्जन आलं तेव्हापासून पासवर्ड वगैरे आपोआप चालू असतो, त्याआधीच्या काळात लोकांचे ९२०० नंबरचे पोर्ट, म्हणजे इलॅस्टिकमध्ये शिरायची दारं, उघडी राहून डेटा बाहेर गेल्याच्या बातम्या सारख्या यायच्या.

ऑब्सिडियन घ्या. फुकट आहे, फेब्रुवारी २०२५ पासून धंद्याच्या कामालाही लायसन्स लागत नाही. मुख्य म्हणजे तुमची टिपणं साध्या टेक्स्टच्या फायली म्हणून तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात, उद्या कंपनी बंद पडली तरी नोटपॅडमध्ये उघडतील. मी एका दुसऱ्या मोठ्या ॲपमध्ये होतो, नाव नाही घेत, फुकटवाल्यांना आवळायला लागले तेव्हा माझ्या नोट्स बाहेर काढताना फोटो एकीकडे आणि मजकूर तिसरीकडे असं झालं होतं, तेव्हापासून साधी फाईल सोडून कशावर विश्वास नाही. विषय संपला माझ्याकडून.

शोधवाला_अलकापुरी:

वरच्या भाऊंचं रॅमचं आणि साध्या फायलींचं शंभर टक्के बरोबर, पण विषय तिथे संपत नाही, कारण ताईंचं दुखणं ठेवायचं नाहीये, शोधायचं आहे. मी कामावर हेच करतो, सर्च, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, एक प्रयोग करून बघा. टिपणांच्या फोल्डरमध्ये 'जमीन' शोधा. मग 'जमिनी' शोधा. दोन वेगळ्या याद्या येतील. मराठीत विभक्ती लागली की मूळ शब्दच बदलतो, जमीनचं जमिनीच्या होतं, म्हणजे नुसता शेवट वाढला असं नाही तर मधली दुसरी वेलांटी पहिली झाली. कॉम्प्युटरला ती दोन संपूर्ण वेगळी अक्षरं. ऑब्सिडियन असो नाहीतर विंडोज, तुम्ही टाईप केलेली अक्षरं जशीच्या तशी शोधणार, त्यामुळे 'जमीन' टाकलं की 'जमिनीच्या कब्जेदार सदरी' वालं वाक्य येणारच नाही. तुम्हाला पक्कं आठवतं आणि सापडत नाही, त्याचं बऱ्यापैकी कारण हे आहे.

दुसरं त्याहून छुपं. 'दुसऱ्या' हा शब्द मराठीत दोन प्रकारे टाईप होतो. एकात टिंबवाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, कागदावर सारखे, आणि शोधलं की एक दुसऱ्याला ओळख देत नाही. कोणता कीबोर्ड वापरलाय त्यावर ठरतं. तुमच्या चार हजार फायलींमध्ये दोन्ही असणार हे मी पैज लावून सांगतो, कारण टाईप करणारी माणसं वेगवेगळी असतील. शेतकऱ्याचा, सातबाऱ्याचा, ऱ्या तर जमिनीच्या कागदात पावलोपावली.

आता सर्च इंजिन इथे काय करतं, तर माल आत घेताना प्रत्येक शब्द आधी घासूनपुसून एका ठरलेल्या रूपात आणतं आणि ते रूप कुठल्या फायलीत कुठे आहे याची सूची करून ठेवतं. तुम्ही शोधता तो शब्दही त्याच घासणीतून जातो, म्हणून दोघांची गाठ पडते. इलॅस्टिकसर्चच्या पोटात ल्युसीन नावाची शोधाची लायब्ररी आहे, त्यात मराठीचा तयार ॲनालायझर, म्हणजे ही घासणी, नाही, हिंदीचा आहे. बरेच जण तो जसाच्या तसा लावून देतात आणि मग म्हणतात मराठी चालत नाही. त्यातला शब्दाची शेपूट कापणारा भाग हिंदीचा आहे, त्याला आपले 'चा', 'ला', 'तून', 'मधल्या' काय कळणार. पण त्याच्यातला नॉर्मलायझरचा तुकडा सुटा घेता येतो आणि तो मराठीला झकास चालतो: ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, नुक्ता काढतो, ऱ चा र करतो, ते न दिसणारं जोडचिन्ह आणि हलन्तही उडवतो. म्हणजे जमीन आणि जमिनीच्या दोन्हींची सुरुवात एकसारखी झाली, आता सुरुवातीवरून शोधलं की दोन्ही येतात. दुसऱ्याची भानगड तर आपोआप मिटली. शिवाय समानार्थी शब्दांची यादी देता येते, बिनखेती, बिनशेती, अकृषिक हे एकच माना म्हणून, मग कुठलाही टाका.

आणि बडोद्याच्या माणसाला खास उपयोगाची गोष्ट. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर द्यायच्या पद्धतीत, गुजराती आणि देवनागरीची मांडणी इस्की नावाच्या एकाच जुन्या भारतीय साच्यावरून घेतलेली आहे, त्यामुळे गुजराती क चा नंबर देवनागरी क पेक्षा बरोबर ३८४ ने पुढे, ख चा ख पेक्षा ३८४ ने पुढे, असं जवळजवळ सगळ्यांचं. तेवढे वजा केले की गुजराती मजकूर देवनागरीत. म्हणजे सूची करताना गुजराती कागदाची देवनागरी प्रत करून घातली तर तुम्ही 'दस्तावेज' एकदाच टाकायचा आणि दोन्ही लिपींतले कागद समोर. हे कुठलंच नोट्सचं ॲप तुम्हाला देणार नाही.

मकरपुरा_जीआयडीसी:

हे सगळं मान्य, पण भाऊ तुम्ही हे करायला पगार घेता. ताईंना कोडिंग येत नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि वेलांटीपुरतं म्हणाल तर ऑब्सिडियनच्या शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधणं, चालतं, दोन तिरप्या रेघांच्या मध्ये जम, मग चौकोनी कंसात दोन्ही वेलांट्या, मग न लिहायचं, जमीन आणि जमिनीच्या दोन्ही येतात. आत्ताच करून बघितलं.

शोधवाला_अलकापुरी:

येतात ना, पण रोज प्रत्येक शब्दाला ताई चौकोनी कंस घालत बसणार का?

निवृत्त_ग्रंथपाल:

मुलांनो, भांडू नका. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं म्हणून दोन शब्द. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना आणलं आणि बडोद्यात ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हापासून कार्डांचे खण हे आमच्या गावाला नवीन नाही. कार्डांचा खण म्हणजे पुस्तकं नव्हेत. खण उद्या वाळवीने खाल्ला तर आम्ही पुस्तकं पुढ्यात घेऊन नवी कार्डं लिहू, त्रास होईल पण होईल. पुस्तकंच गेली तर कार्डं घेऊन काय करणार? हे तुमचं इंजिन का काय ते खण आहे, आणि ते वहीचं ॲप म्हणजे पुस्तकं ठेवायचं कपाट. ताई विचारतायत खण घेऊ की कपाट, आणि तुम्ही दोघं एकेक धरून बसलायत.

एक जास्तीचं सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. फायलींची नावं बघा आधी. 'नवीन डॉक्युमेंट फायनल २' असं असेल तर कुठलंही यंत्र आणा. वर्ष, तालुका, गाव, कागदाचा प्रकार या क्रमाने नाव ठेवलं तर निम्मी कामं शोधायची गरजच पडत नाही, डोळ्यांनी दिसतात. पक्षकाराचं नाव मात्र फाईलच्या नावात घालू नका, लॅपटॉप दुरुस्तीला जातो तेव्हा सगळे वाचतात.

दांडियाबाजारकरीण:

काका, फायलींच्या नावांचं वाचून माझा चेहरा काय झाला ते विचारू नका.

प्रयोग करून बघितला. अलकापुरीवाल्या दादांचं तंतोतंत खरं निघालं, 'शेतकऱ्याचा' शोधलं तर माझ्या स्वतःच्या फायली आल्या आणि पूर्वी माझ्याकडे टाईपिंगला एक मुलगी यायची तिच्या एकही नाही, तिच्या फाईलमधून तोच शब्द कॉपी करून शोधला तर उलटं. इतकी वर्षं मला वाटायचं माझीच स्मरणशक्ती गेली.

पण आता दोन अडचणी. स्कॅनच्या पीडीएफमध्ये तर काहीच शोधता येत नाहीये, एक अक्षर नाही. आणि जुन्या वर्ड फायलींपैकी बऱ्याच अशा आहेत की दिसायला मराठी-गुजराती पण ऑब्सिडियनमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

सुरसागर_काठ:

दोन्हींवर सांगतो. पीडीएफ म्हणजे आत नुसता फोटो आहे, आधी ओसीआर करायला लागेल, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायचा. टेसरॅक्ट फुकट आहे, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत, एकत्रही लावता येतात, आणि ओसीआर-माय-पीडीएफ नावाचं अवजार तेच वापरून पीडीएफच्या मागे न दिसणारा मजकूर चिकटवून देतं, फाईल दिसायला तशीच राहते. तुमच्याच मशीनवर चालतं, बाहेर काही जात नाही. स्कॅन ३०० डीपीआयचा ठेवा. छापील कागद चांगला येतो, सातबाऱ्याच्या रकान्यांमध्ये ओळींची सरमिसळ होते पण शोधण्यापुरतं चालून जातं, तलाठ्याच्या हातच्या नोंदी मात्र विसरा, आणि मोडीचं नावच काढू नका. हस्तलिखित कागदाला एक साधं टिपण लिहा, काय आहे, कुठल्या गावचं, कुठल्या फायलीत, ते टिपण सापडलं की कागद सापडला.

कचरा दिसतो त्या फायली जुन्या फॉन्टच्या आहेत. मराठीत शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असेल, गुजरातीत टेराफॉन्ट नाहीतर एलएमजी अरुण. आत खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत, फॉन्टने वरून आपला चेहरा चढवलाय. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय ऑब्सिडियन काय आणि इलॅस्टिक काय, दोघंही आंधळे. प्रत्येक फॉन्टचा कन्व्हर्टर वेगळा लागतो त्यामुळे आधी फॉन्टच्या नावाने फायलींचे ढीग करा. ऑनलाईन कन्व्हर्टरमध्ये पक्षकारांचे कागद टाकू नका, मशीनवर चालणारे घ्या. मूळ फाईल ठेवून द्या, बदललेली प्रत वेगळी.

आता मूळ वादावर. मला दोन्ही बाजू पटतात, पण मधली वाट कोणी सांगितली नाही. इलॅस्टिकसर्च न लावताही ही सूची करता येते, एसक्यूलाईटमध्ये. तो डेटाबेस आहे, पण सर्व्हर नाही, एक फाईल आहे, तुमच्या फोनमध्येसुद्धा आहे तो, रॅमचा प्रश्न नाही, आणि त्यात एफटीएस५ नावाचा मजकूर शोधायचा भाग येतो. चार-पाच हजार फायली त्याला किरकोळ आहेत. फक्त त्यात आपल्यासाठी एक खड्डा आहे जो भाच्याला आधीच सांगून ठेवा. त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि आकडे यांना शब्दाचा भाग मानतो, आणि युनिकोडच्या हिशेबात आपले काना-मात्रा-वेलांट्या अक्षरं नाहीतच, चिन्हं आहेत, त्यामुळे तो प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडतो. 'पाणी' त्याच्या लेखी प आणि ण असे दोन तुकडे, 'पुणे' पण प आणि ण. म्हणजे पाणी शोधलं की पुणे हजर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाच मिनिटं हसत होतो. उपाय एका ओळीचा आहे, टेबल बनवताना कॅटेगरीजमध्ये चिन्हांचा एम हा वर्गही घालायचा, झालं. डिसेंबर २०२० पासून ट्रायग्रॅम टोकनायझरपण आलाय, तो तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतो, पण तीनपेक्षा लहान शोध त्यात चालत नाही आणि जमीन-जमिनीची अडचण तशीच राहते, म्हणून मी पहिला पर्याय घेईन.

नॉर्मलायझर काही इलॅस्टिकची मक्तेदारी नाही. ऱ्हस्व-दीर्घ एक करा, ऱ चा र, हलन्त आणि जोडचिन्ह उडवा, गुजराती असेल तर ३८४ वजा करा, पायथनच्या मोजून वीस-पंचवीस ओळी होतील. मूळ मजकूर एका रकान्यात, घासलेला दुसऱ्यात, शोध दुसऱ्यात आणि दाखवायचा पहिला. बिघडलं तर डेटाबेसची फाईल डिलीट करून पुन्हा चालवायचं, मूळ फायलींना हात लागलेला नसतो, ग्रंथपाल काका म्हणतात तेच.

शोधवाला_अलकापुरी:

हे मला मान्य. एकटं माणूस, एक लॅपटॉप, काही हजार फायली, एवढ्याला एसक्यूलाईट पुरे. उद्या पाच-सात भाषांतरकार मिळून एकच साठा वापरायला लागलात, प्रत्येकाला वेगळी परवानगी वगैरे, तर मग सर्व्हरवालं इंजिन, आणि तेव्हाही मी आधी मीलीसर्च बघेन, इलॅस्टिकपेक्षा हलकं आहे आणि टायपिंगच्या चुका समजून घेतं. फक्त त्यात एका रकान्यातले पहिले ६५,५३५ शब्दच सूचीत जातात, म्हणून जाडजूड फाईल पानापानाने तोडून घालायची.

३८४ वजा करताना एक बघा, आकडे आणि दंड वेगळे तपासा. गुजराती मजकुरात दंड आला तर तो देवनागरीच्याच गटातला असतो, सरसकट सगळ्यातून वजाबाकी केली तर भलतंच काहीतरी होईल. गुजरातीच्या गटात असलेल्या अक्षरांनाच लावा.

बडोद्याची_सून:

मी पण भाषांतर करते, इंग्रजी-मराठी. हे सगळं कशाला, सगळ्या फायली एआयला द्यायच्या आणि विचारायचं की, तो बरोबर काढून देतो.

मकरपुरा_जीआयडीसी:

ताईंनी लिहिलंय ना, परक्याच्या सर्व्हरवर काही टाकायचं नाही. मशीनवर चालणारं मॉडेल ८ जीबीत आणलंत तरी ते नेमकं वाक्य देईल याची खात्री नाही, आणि जमिनीच्या कागदात 'साधारण असंच' चालत नाही. तिथे हिस्सा नंबर चुकला की कोर्टात खेटे.

दांडियाबाजारकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवलंय: टिपणं ऑब्सिडियनमध्ये, आजपासूनच सुरू केली. वर्ड फायली आहेत तिथेच राहू देते. स्कॅनचं ओसीआर रात्री लावून ठेवीन. आणि भाच्याला हा सगळा धागा पाठवलाय. त्याचं उत्तर आलं, 'मावशी, एसक्यूलाईट चालेल, पण इलॅस्टिक जास्त मजेशीर होतं.' दिवाळीत येतोय, तेव्हा बसवून देईन म्हणाला, मी म्हटलं आधी स्क्रिप्ट, मग चकली.

एकच शंका राहिली. टेराफॉन्टवाल्या फायलींमध्ये मधूनमधून खरं इंग्रजीही आहे, सर्व्हे नंबरपुढे ए, बी असं, पक्षकाराचा पत्ता वगैरे. कन्व्हर्टर त्याचीपण गुजराती करून टाकेल ना?

सुरसागर_काठ:

हो, आंधळेपणाने चालवलात तर करणारच. वर्डच्या फाईलमध्ये प्रत्येक तुकड्याला कुठला फॉन्ट लावलाय ते आत लिहिलेलं असतं, तेव्हा ज्या तुकड्याचा फॉन्ट टेराफॉन्ट आहे तेवढाच बदलायचा, एरियल किंवा टाईम्स असेल त्याला हात लावायचा नाही. भाच्याला सांगा, पायथनची डॉक्स वाचणारी लायब्ररी हे सरळ देते. जुन्या डॉक फायली असतील तर त्या आधी लिब्रेऑफिसने एकगठ्ठा डॉक्समध्ये करून घ्या. आणि कुठे टाईपिस्टने इंग्रजी ए सुद्धा टेराफॉन्टमध्येच ठेवला असेल तर तो हातानेच बघायला लागणार, त्याला इलाज नाही. म्हणून पहिल्यांदा एकाच तालुक्याच्या फायली करून बघा, आकडे आणि हिस्सा नंबर मूळ फाईलशी ताडून मगच पुढच्या.

निवृत्त_ग्रंथपाल:

स्क्रिप्ट झाली की इथे टाका रे कोणीतरी, पक्षकारांची नावं काढून. माझ्याकडे मंडळाचे जुने अहवाल पडलेत, सगळे श्रीलिपीत.